व्हॅलिडिटीची फाइल: जुनी नोंद कशी शोधली, साखळी कशी जोडली

पुतण्या अकरावीत गेला तेव्हाच आम्ही जात पडताळणीचे कागद जमवायला घेतले. अर्ज भरायला एक संध्याकाळ पुरते, पण कागद जमवायला महिने जातात. बारावीचा निकाल लागल्यावर जागं झालं तर प्रवेशाची मुदत हातची जाते. आमच्या घरात आधी कुणाचीच व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, नव्हतं. वडिलांकडच्या रक्तनात्यात एकाचं जरी असतं, तरी काम बरंच हलकं झालं असतं.

वांशिक समूह म्हणजे आपण एकाच पूर्वजाचे आहोत हा विश्वास, मग रक्ताचं नातं खरोखर असो वा नसो, असं समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर म्हणतो. वर्गात हे शिकवणं सोपं असतं. जात पडताळणी समितीपुढे विश्वास चालत नाही. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्यात कलम ८ प्रमाणे पुराव्याचा सगळा भार अर्जदारावर आहे. आजोबांना विहिरीपासून दूर ठेवताना गावाने एकही कागद मागितला नव्हता, आणि नातवाने मात्र तीच जात कागदाने सिद्ध करायची. हे मला आजही सलतं. पण खोट्या दाखल्यांनी खऱ्यांच्या जागा जातात, हेही खरं आहे.

पहिला प्रश्न तारखेचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा, जातीची नोंद असलेला कागद सापडला की फाइलला कणा मिळतो. त्या दिवशी कुटुंब आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होतं, हेही दिसावं लागतं. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशातच होतं, त्यामुळे आज मध्य प्रदेशात असलेल्या छिंदवाडा-बालाघाटकडून आलेल्या कुटुंबांची खरी अडचण इथेच होते.

आपल्याकडे सगळ्यात कामाचा कागद म्हणजे कोतवाल नक्कल. खेड्यातल्या जन्म-मृत्यूची ही जुनी नोंद तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून मिळते. नागपूरच्या इंदोरा-पाचपावलीतल्या कित्येक घरांचे आजे-पणजे मिलच्या कामासाठी शहरात आले, त्यामुळे नोंद शहरात नसून मूळ मौजात असते. म्हणून आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून मौजा, तहसील आणि पणजोबांचं पूर्ण नाव लिहून घ्यावं. जन्म शहरातलाच असेल तर महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात विचारावं.

कोतवाल नकलेत पुष्कळदा बाळाचं नाव नसतं. ‘सखाराम वल्द गणपत, जात म्हार, मुलगा झाला’ एवढंच; वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. आडनावही नसतं. मग हा मुलगा म्हणजेच आजोबा हे कसं ठरणार? त्यासाठी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा घ्यायचा आणि बापाचं नाव, गाव व तारीख जुळवायची. तारखा मात्र क्वचितच तंतोतंत जुळतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजे तारीख लिहीत. हा फरक लपवायचा नाही. एकाच व्यक्तीच्या या दोन नोंदी आहेत, असं शपथपत्रात सांगून टाकायचं. ‘म्हार’ आणि ‘महार’ किंवा सखाराम आणि सखाऱ्या यांचंही तसंच. नोंद मोडीत असेल तर अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं.

बौद्ध कुटुंबांच्या फाइलमध्ये आणखी एक गाठ असते. आजोबांच्या दाखल्यावर ‘महार’ आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर शाळेत गेलेल्या वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. बौद्ध हा धर्म आहे, जात नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, पण मूळ जात दाखवणारा दुवा तरीही द्यावाच लागतो. धर्मांतरितांसाठी जातीच्या दाखल्याचा नमुना वेगळा आहे. आधीचा दाखला चुकीच्या नमुन्यात असेल तर तो आधी बदलून घ्या.

फाइल बांधताना मी एकच कसोटी लावली: प्रत्येक कागदाने दोन माणसं जोडली पाहिजेत. अर्जदार ते वडील, वडील ते आजोबा, आजोबा ते पणजोबा. नुसती जात लिहिलेले दहा कागद असले आणि मधली एक कडी तुटलेली असली, तर ते दहाही लोंबकळतात. वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ मध्ये, कागदपत्रांच्या खरेपणाचं नमुना १७ मध्ये. महाविद्यालयाचं पत्र १५-अ. वंशावळीत दाखवलेल्या चुलत आजोबांची नोंदही चालते. स्कॅन मूळ कागदाचंच करावं, झेरॉक्सचं नाही.

जमातीच्या दाव्याची तपासणी याहून वेगळी असते. कागद समाधानकारक नसतील तर प्रकरण समितीच्या दक्षता पथकाकडे चौकशीला जातं आणि देव, लग्नाच्या चाली, मर्तिकाचे विधी विचारले जातात. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या माधुरी पाटील निकालाने पडताळणीची ही पद्धत घालून दिली. समाजशास्त्राच्या नजरेतून तिची कमजोरी स्पष्ट दिसते. मानववंशशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थने १९६९ मध्येच मांडलं होतं की समूह टिकतो तो सीमारेषेमुळे; आतल्या चालीरीती बदलत राहतात. शहरात तीन पिढ्या काढलेल्या मुलाला जुनं गाणं येत नाही, म्हणून त्याची जमात बदलत नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही चाचणी निर्णायक मानता येणार नाही असं सांगितलं. दक्षता अहवालाला उत्तर देताना हा निकाल जोडावा. मात्र यादीत नसलेलं नाव कुठल्याही चाचणीने आत येत नाही. हलबा-कोष्टींना २००० च्या मिलिंद निकालाने आणि गोवारींना डिसेंबर २०२० च्या निकालाने हेच सांगितलं, आणि त्यातल्या गोवारींनी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच नागपुरात मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसं गमावली होती.

शाळेचं मूळ रजिस्टर उतारा काढण्याआधी स्वतः पाहून घ्यावं. जातीच्या रकान्यात खाडाखोड किंवा वेगळी शाई दिसली, तर तो कागद लावू नये. दुसरी नोंद शोधावी. पथक मूळ रजिस्टर बघतंच, आणि एका संशयित कागदाची सावली बाकीच्या खऱ्या कागदांवर पडते.

नोटीस आली की दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावं आणि पोच घ्यावी. प्रमाणपत्र हाती येताच नाव, वडिलांचं नाव आणि जातीचा यादीतला अनुक्रमांक दहावीच्या गुणपत्रिकेशी व जातीच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी टाकावा.