वडिलांचे लेख युनिकोडमध्ये आणताना

सीडी खराब निघाल्या असत्या तर मी इतकी चिडले नसते. पण वडिलांनी टाइप करून ठेवलेल्या लेखांच्या बहुतेक सगळ्या फायली धडधाकट उतरल्या. उघडल्या, तर पडद्यावर डॉलर, कंस, टोपीवाले रोमन स्वर आणि मध्येच पौंडाचं चिन्ह!

भानगड जुन्या फॉन्टची. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे, पण मराठी डीटीपी (छपाईसाठी संगणकावर केलेली जुळणी) त्यानंतरही बरीच वर्षं जुन्या फॉन्टांवरच चाललं. त्या फायलीत मराठी अक्षर नसतंच. असतो एखाद्या रोमन चिन्हाचा क्रमांक, आणि फॉन्ट त्या जागी ‘क’ किंवा नुसता काना काढून दाखवतो. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकीचा फॉन्ट दुसरीच्या फायलीला लावून भागत नाही. वडील ज्यात टाइप करायचे त्या पॅकेजला डोंगल (सॉफ्टवेअर चालायला संगणकाला लावावी लागणारी किल्ली) लागायचं, तेही जुन्या प्रिंटर पोर्टात बसणारं. ते पोर्ट आता आणायचं कुठून? कंपनीला फोन केला. “नवीन व्हर्जन घ्या, मॅडम.” त्यात जुन्या फायली उघडतील का? “मेल टाका.” टाकला. उत्तर नाही, नव्या व्हर्जनच्या जाहिराती मात्र इमानेइतबारे येतात.

फॉन्ट शेवटी त्याच सीडींतल्या एका फोल्डरात सापडला. तेव्हा लेखांबरोबर फॉन्टची फाइलही जपा, आणि कुठल्या लेखाला कुठला फॉन्ट हे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा.

मग कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम. ‘सर्व’चं ‘सवर्’, ‘कार्यक्रम’चं ‘कायर्क्रम’! जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो ‘र्’ अक्षराच्या आधी लागतो. पहिल्या वेलांटीचं नेमकं उलटं. कन्व्हर्टरने वेलांट्या सांभाळल्या, रफार जिथल्या तिथे सोडले. फाइंड-रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (कुठला अक्षरक्रम शोधायचा ते सांगणारा नियम) लिहून बरेच जागेवर आणले, पण ‘ईष्यार्’ची ‘ईर्ष्या’ करायला त्या ‘र्’ने काना आणि अख्खं जोडाक्षर ओलांडून मागे जावं लागतं. नियम आधी दोन-तीन पानांवर चालवून बघा. पुढे एकाने छापील लेख मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवायचं. स्पेलचेकवर हे काम सोडू नका, वडिलांचे बोलीतले निम्मे शब्द त्याने चुकीचे ठरवले होते.

“कशाला इतका खटाटोप, पीडीएफ करून ठेव की,” हे मला ज्याने त्याने ऐकवलं. पीडीएफमध्ये फॉन्ट बसवला तर पान सुंदर दिसतं, कबूल. पण आत ‘पाऊस’ शोधा, सापडणार नाही, कारण खाली तीच डॉलर-कंसांची रास असते. जतनासाठी असलेल्या पीडीएफ/ए प्रकारात २०११ पासून ‘यू’ नावाचा स्तर आहे, त्यात प्रत्येक अक्षराची युनिकोड ओळख सक्तीची असते. घरगुती चाचणी सोपी: एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उतरलं तर ठीक.

साठवणीचं फारसं कौतुक नाही: तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून ठेवला, तर प्रत पुढे बिघडली का ते ताडून बघता येतं. आणि युनिकोड झालं म्हणून मूळ फायली उडवू नका. जिथे रफाराचा घोळ माझ्या नजरेतून सुटला असेल, तिथे खरं काय होतं ते त्यांच्यातच आहे.