तुम्ही विचारलंत म्हणून: ते मशीन अजून घरात का आहे

ज्या वॉशिंग मशीनचा आईला शॉक बसला, ते अजून घरात का, हे मला दोन वर्षं सगळे विचारतात. मावशी फोनवर विचारते, शेजारच्या काकू जिन्यात गाठून विचारतात. एकदाचं सांगून टाकते.

पैशांसाठी नाही. सेमी-ऑटोमॅटिक मशीन हप्त्यावर मिळतं, मला माहीत आहे. पण नव्यातही आत तेच असतं: धुण्याची एक मोटर, ड्रायरची एक, दोन टायमर, कंडेन्सर. आमचा ड्रायर नुसता घूं करून थांबायला लागला तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, मोटर गेली. मी प्लग काढून ड्रायरचा टब हाताने फिरवून पाहिला. मोकळा फिरत होता, म्हणजे अडकलेलं काही नव्हतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून पाच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणून लावला आणि ड्रायर फिरला. तेव्हापासून मशीन मीच उघडते. पुढे बेल्ट बदलला, पल्सेटर (धुण्याच्या टबातली फिरती चकती) बदलला, आणि ॲल्युमिनियम वाइंडिंगची ड्रायरची मोटर खरंच जळली तेव्हा तांब्याची घातली. ते काम चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन.

हिरवी वायर सोडून, म्हणजे अर्थिंगची, बॉडीत उतरलेला करंट जमिनीत नेणारी. ती पत्र्याच्या बॉडीला एका स्क्रूने आवळलेली होती. स्क्रू गंजलेला, काढताना त्याचं डोकंच तुटलं. वायरच्या टोकाला टेप गुंडाळली आणि ठरवलं, रविवारी नवं भोक पाडून बसवू. रविवारी पाहुणे आले. अर्थिंग नसलं तरी मशीन चालतं, काही अडत नाही, म्हणून ते राहून गेलं. ड्रायरच्या दांड्याभोवतीचं रबरी सीलही मी जुनंच ठेवलं होतं. बोअरच्या पाण्याने ते कडक झालं, आणि थेंब थेंब पाणी खालच्या मोटरवर पडायला लागलं.

मंगळवारी आई म्हणाली, "अगं, मशीनला हात लावला की मुंग्या येतात."

मी डबा भरत होते. म्हणाले, "ओल्या हाताने लावू नकोस ना."

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ज्या बाईला मोटरचं वाइंडिंग कळत होतं, तिला मुंग्यांचा अर्थ, की बॉडीत करंट उतरतोय, कळत नव्हता? कळत होता. ऑफिसला उशीर होत होता, हेही खरं आहे. पण संध्याकाळी वेळ होता, बुधवारीही होता.

गुरुवारी ड्रायरमध्ये चादर एका बाजूला गोळा झाली आणि मशीन थडथडायला लागलं. आईने ते धरून ठेवायला बॉडीवर तळहात टेकवला. पाय अनवाणी, फरशी ओली. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकला. ती मोरीच्या कठड्यावर पडली होती, मनगट वाकडं झालं होतं, आणि ड्रायर फिरतच होता. एमसीबी पडला नव्हता. पडणारही नव्हता. तो ओव्हरलोडला आणि शॉर्ट सर्किटला पडतो, माणसातून जाणाऱ्या एवढ्याशा करंटला नाही. मी प्लग खेचला. प्लास्टर सहा आठवडे होतं.

नंतर बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये तेवढा फरक पडला की तो लाइन तोडतो. सील नवं घातलं, हिरवी वायर पितळी बोल्टने आवळली, आणि सोसायटीचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतलं. तुमच्या घरातलं अर्थिंग शेवटचं कधी तपासलंय? नवं मशीन आणलंत आणि प्लगमागे अर्थिंगच नसलं, तर तेही शॉक देईल. म्हणून मी म्हणते, दोष मशीनचा नव्हता.

पण मग दोष कोणाचा, हे मावशी विचारत नाही, आणि मशीन विकून मला त्याचं उत्तर मिळणार नाही. की मला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, म्हणून मी मशीन धरून बसलेय? असंही असेल.

आई अजून त्यातच कपडे धुते. ड्रायर थांबला की बटण बंद करते, प्लग काढते, आणि झाकण उघडायला मला हाक मारते.