तिकडे खरंच असं असतं का?

हा प्रश्न मला वर्षाकाठी आठदहा वेळा तरी येतो. जेनी कोल्गन या लेखिकेची 'द बुकशॉप ऑन द कॉर्नर' ही पुस्तकांच्या व्हॅनची कादंबरी वाचून संपली, की मिरजेच्या मावशीपासून शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत कुणीतरी फोन करतं आणि म्हणतं, "तू तिथेच राहतेस ना गं? मग खरंच असं असतं का तिकडे?" मी स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपासून वीसेक मैलांवर राहते, चौदा वर्षं झाली. आजवर मी "थोडंफार" म्हणून विषय बदलत आले. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट बसून लिहिते, कारण "थोडंफार" हे काही खरं उत्तर नव्हे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. शेवटही सांगणार आहे, राग मानू नका. बर्मिंगहॅमच्या एका वाचनालयात नीना काम करते. वाचनालय गुंडाळलं जातं आणि तिची नोकरी जाते. तिने घरी इतकी पुस्तकं साठवलेली असतात की त्या ओझ्याने घराचा जिना खचायची वेळ येते आणि जिच्या घरात ती राहते ती मैत्रीण, सुरिंदर, कावून जाते. नीना स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये जाऊन एक मोठी जुनी व्हॅन विकत घेते, तिचं पुस्तकांचं दुकान करते आणि किरनफीफ नावाच्या गावात राहते. हे गाव नकाशावर शोधू नका, ते लेखिकेच्या मनातलं आहे. रेल्वे फाटकावर तिची गाठ मारेक या लॅटव्हियाहून आलेल्या मालगाडीच्या ड्रायव्हरशी पडते. मग दोघं फाटकाजवळच्या झाडाला एकमेकांसाठी कविता आणि पुस्तकं टांगून ठेवू लागतात. पण मारेकची माणसं, बायको म्हणावी अशी बाई आणि मूल, तिकडे लॅटव्हियात असतात. शेवटी नीनाचं जमतं ते लेनॉक्सशी, म्हणजे ज्याच्या कोठारात ती भाड्याने राहते त्या तुसड्या मेंढीवाल्या शेतकऱ्याशी.

पुस्तक २०१६चं. ब्रिटनमध्ये ते 'द लिटल शॉप ऑफ हॅपी एव्हर आफ्टर' या नावाने आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत 'द बुकशॉप ऑन द कॉर्नर' या नावाने. वाचकांची सगळ्यात मोठी तक्रार याच दुसऱ्या नावाबद्दल असते. कोपऱ्यावर दुकानच नाही! तक्रार रास्त आहे, पण ती नाव ठेवणाऱ्यांकडे न्यावी, गोष्टीकडे नको.

बाकीच्या तक्रारी मात्र मी इतक्या वर्षांत इतक्या तोंडून ऐकल्या आहेत की मला त्यांच्यात एक विचित्र गोष्ट दिसू लागली आहे. वाचक ज्या गोष्टींना "हे काय, काहीतरीच" म्हणतात, त्या बहुतेक खऱ्या आहेत. आणि ज्या गोष्टी कुणी डोळ्यांची पापणी न हलवता मान्य करून टाकतं, तिथे पुस्तक खोटं बोलतं.

व्हॅनचंच घ्या. पुण्याच्या मैत्रिणीने मला विचारलं होतं, "माळरानावर व्हॅन उभी करून पुस्तकं कोण घेणार?" अगं, आमच्याकडे फिरत्या वाचनालयाच्या व्हॅन आजही चालतात. गावोगाव, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येतात आणि वीसेक मिनिटं थांबतात. पुस्तकाला पैसे पडत नाहीत. डिसेंबरात इथे साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. अशा एका संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या व्हॅनची वाट पाहत उभी होते. रस्ता एकेरी, दोन्हीकडे काळोख, गारठा हाडात शिरणारा. वळणावरून दिवे आले, व्हॅन थांबली, दार उघडलं आणि तीन पायऱ्या खाली उतरल्या. आतल्या पिवळ्या उजेडात पुस्तकं छतापर्यंत लावलेली. शेजारच्या घरातली आजी माझ्या पुढे होती. ड्रायव्हर तोच ग्रंथपाल. तिने काही सांगायच्या आधीच त्याने खुर्चीमागून मोठ्या टायपातली चार पुस्तकं काढून तिच्या पिशवीत घातली. वाचनालयं बंद होण्याचा भागही बनवलेला नाही. २०१० नंतर ब्रिटनमध्ये शेकडो शाखांना कुलूप लागलं. नीनाच्या पहिल्या प्रकरणातली, नोकरीवर गदा आणणारी ती मीटिंग अनेक ग्रंथपालांनी प्रत्यक्ष भोगली आहे.

दुसरी शंका उजेडाची. रात्री दहा वाजता लोक बाहेर बसून वाचतात म्हणजे काय! तर वाचतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इन्व्हर्नेसला सूर्य दहा-वीसच्या आसपास मावळतो आणि पहाटे साडेचारच्या आत पुन्हा वर येतो. मधल्या वेळातही उत्तरेच्या बाजूला आभाळ निळसर राहतं. पहिल्या उन्हाळ्यात मला झोपच लागेना. शेवटी खिडकीला दुपटं लावलं.

आता मेंढ्यांचं. कोकराच्या जन्माचा प्रसंग अनेकांना "प्रेमकथेत घातलेला मसाला" वाटतो. इथे मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण अशाच एका प्रसंगाने मला इथल्या माणसांची ओळख करून दिली.

त्या व्हॅनमधल्या आजींनी आयुष्यभर मेंढ्या पाळल्या. डोंगरातल्या मेंढ्या एप्रिल-मेमध्ये वितात आणि ते पाचसहा आठवडे घरात कुणी धड झोपत नाही. एका एप्रिलमध्ये रात्री अकराला त्यांचा फोन आला, मुलगा दुसऱ्या गोठ्यात अडकलाय, बॅटरी धरायला ये. मी गेले. एका मेंढीचं कोकरू मेलेलं जन्मलं होतं, आणि दुसऱ्या मेंढीला तीन झाली होती. मेंढीला सड दोनच, त्यामुळे तिसऱ्याचा पत्ता कटणार हे ठरलेलं. आजींनी मेलेल्या कोकराची कातडी सोलली, अंगरखा काढावा तशी, अखंड, आणि त्या तिसऱ्या कोकराला पाय घालून ती चढवली. मग ते कोकरू पिल्लू गेलेल्या मेंढीपुढे ठेवलं. मेंढीने शेपटीकडून हुंगलं. एकदा पाय आपटला. पुन्हा हुंगलं. आणि मग हंबरल्यासारखा एक खोल, घशातला आवाज काढून ती उभी राहिली नि कोकरू लुचू लागलं. "आता चीक पोटात गेला, आता जगेल," अशा अर्थाचं आजी काहीतरी म्हणाल्या. त्यांचा इंग्रजी शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता, पण चीक मला ठाऊक होता. मी तिथेच, गवतात उभी राहून रडले.

हे मावशीला सांगितलं तेव्हा तिला काहीच नवल वाटलं नाही. तिच्या माहेरी शेतात धनगर मेंढ्या बसवायचे, खतासाठी. "आई आणि पिल्लू यांची गाठ वासावर असते गं," एवढंच म्हणाली. सगळ्या मराठी वाचकांमध्ये तो प्रसंग खरा वाटलेली ती एकटीच निघाली.

आमच्या गावच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा वाचणाऱ्या बायका जमतात. तिथे हे पुस्तक निघालं तेव्हा दोन तट पडले. तरुण मुली म्हणाल्या, लेनॉक्स उद्धट आहे, पुस्तकभर धड दोन वाक्यं बोलत नाही आणि शेवटच्या काही प्रकरणांत एकदम नायक होतो. आजी म्हणाल्या, एप्रिलमध्ये कुठला मेंढीवाला दोन वाक्यं बोलतो? मला दोघींचं पटतं. अबोलपणा खराच आहे. एका जानेवारीत आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत गुडघाभर बर्फ साचला होता. सकाळी उठून पाहते तर कुणीतरी ट्रॅक्टरने वाट मोकळी करून गेलेलं. चाकांच्या खुणा शेजारच्या शेताकडे जात होत्या. मी बेसनाचे लाडू घेऊन गेले आणि आभार मानले. त्या गृहस्थांनी "आय" म्हटलं. हा इकडचा होकार. लाडू घेतले, दार लावलं. पुढच्या बर्फात वाट पुन्हा मोकळी.

पण लेखिकेने लेनॉक्सला पानं कमी दिली, ही तक्रार मला खरी वाटते. कोल्गन यांना हे जमत नाही असं मुळीच नाही. २०१३मध्ये ब्रिटनमधल्या रोमँटिक कादंबरीकारांच्या संघटनेचा वर्षातल्या उत्तम कादंबरीचा मान त्यांना मिळाला आहे. इथे मात्र त्यांचं मन मारेकमध्ये गुंतलं. पुस्तकातलं सगळ्यात सुंदर लिखाण त्या फाटकाजवळच्या झाडाचं आहे. नीना एखाद्या माणसाला पुस्तक समजून बसते, आपल्याला हवं ते त्याच्यात वाचते आणि तोंडघशी पडते. हा भाग वाचून पुष्कळ वाचक चिडतात, "मग इतका वेळ आम्ही त्याच्यात जीव का गुंतवला?" मला तो राग समजतो. पण वाचणाऱ्या बाईची चूक इतक्या मायेने दाखवलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे, आणि तो भाग गाळला असता तर हे पुस्तक मी दुसऱ्यांदा उघडलं नसतं. लेनॉक्सला अजून एखादी संध्याकाळ, एखादं लांब संभाषण मिळायला हवं होतं, इतकंच.

सुरिंदरबद्दलही सगळे विचारतात. बर्मिंगहॅम आणि आसपास पंजाबी वस्ती मोठी आहे, त्यामुळे तिथे नीनाची जिवलग मैत्रीण सुरिंदर असणं अगदी स्वाभाविक. मला ती आवडते, कारण ती कुणाला संस्कृती समजावून सांगत बसत नाही. तिला फक्त आपला जिना वाचवायचा असतो.

आता खोटं काय, ते सांगते.

घर. नीना येते आणि तिला एक देखणं, नव्याने सजवलेलं कोठार परवडणाऱ्या भाड्यात मिळतं, तेही फारशी वाट न पाहता. आजवर एकाही वाचकाने मला याबद्दल विचारलेलं नाही. आम्ही आलो तेव्हा पहिल्या दोन वर्षांत चार घरं बदलली. ऑक्टोबरात घर मिळायचं, मार्च संपता संपता सोडावं लागायचं, कारण ईस्टरपासून ते पर्यटकांना आठवड्याच्या भावाने द्यायचं असे. मुलीची शाळा एका गावात आणि आम्ही तिसऱ्याच गावात, असं एक अख्खं वर्ष काढलं. प्रश्न इतका वाढला की ॲव्हिमोर हे पर्यटकांचं गाव ज्या भागात येतं त्या बेडनॉक आणि स्ट्रॅथस्पेमध्ये मार्च २०२४पासून राहतं घर पर्यटकांच्या भाड्यासाठी वळवायचं तर नियोजन खात्याची परवानगी लागते. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या सरकारने घरांच्या बाबतीत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. इथल्या शाळेला शिक्षिका मिळते पण शिक्षिकेला घर मिळत नाही. आणि ज्या पुस्तकांमुळे लोकांना इथे यावंसं वाटतं, त्यात घर एका परिच्छेदात मिळून जातं. हे मला टोचतं. पुस्तकावर माझं प्रेम आहे म्हणूनच जास्त टोचतं.

व्हॅन चालवण्याचंही तसंच. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७नंतर ज्यांनी गाडीचं लायसन काढलं, त्यांना साडेतीन टनांपेक्षा जड पेट्रोल-डिझेल व्हॅन त्याच लायसनवर चालवता येत नाही, वेगळी परीक्षा द्यावी लागते. नीना तिशीच्या उंबरठ्यावरची, म्हणजे ती त्यात येते. शिवाय फिरत्या दुकानाला रस्त्यावर विक्री करायचा परवाना लागतो, तो १९८२च्या कायद्याखाली कौन्सिल देतं. हे सगळं पुस्तकात आणलं असतं तर वाचणाऱ्याला कंटाळा आला असता, हे मला कळतं. पण कुणी पुस्तक मिटून "मीपण असंच करणार" म्हणतं, तेव्हा मी हे सांगते. दोघींना सांगितलं आहे. एकीने तरीही लायसनची चौकशी केली, याचा मला आनंद आहे.

आणि मारेक. पुस्तक बाजारात आलं तेव्हा लॅटव्हियाच्या माणसाला इथे येऊन नोकरी करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. काही महिन्यांनी, २३ जून २०१६ला, सार्वमत झालं. स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी युरोपात राहायचं म्हटलं, पण निकाल उलटा लागला आणि २०२० संपताना ती वाट बंद झाली. आज नव्याने वाचताना ते झाड मला पूर्वीपेक्षा जास्त उदास वाटतं. लेखिकेने तसं काही लिहिलेलं नसतानाही.

तुम्ही विचाराल, इथल्या बायकांचं या पुस्तकाबद्दल शेवटी मत काय पडलं? ते कळायची इथे एक जुनी सोय आहे. २०१८मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या चार्ल्स्टन भागातल्या वाचनालयात एका म्हाताऱ्या बाईने ग्रंथपालाच्या लक्षात आणून दिलं, की म्हाताऱ्या बायका नेतात त्या प्रेमकथांमध्ये सातव्या पानाचा आकडा पेनाने अधोरेखित केलेला असतो. ती एका आजींची खूण निघाली. हे आपण वाचलंय, पुन्हा न्यायचं नाही. इतर वाचनालयांतही बायका अशी कुठे रेघ, कुठे फुली, कुठे नावाचं अक्षर करतात. आमच्या फिरत्या व्हॅनमधली या पुस्तकाची प्रत मी गेल्या महिन्यात उघडून पाहिली. शेवटच्या कोऱ्या पानावर, अगदी शिवणीजवळ, पाच खुणा होत्या. त्यातलं एक बारीक वर्तुळ आजींचं, ते मी ओळखते. आणि त्याच वर्तुळाशेजारी, थोड्या वेगळ्या पेन्सिलीने, पुन्हा एक वर्तुळ होतं.