अकरा मेला मी भाषण का करत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. एप्रिल संपत आला की फोन येतो: सर, ११ मेला तंत्रज्ञान दिन आहे, पोखरणच्या अणुचाचण्यांवर दोन शब्द बोला. मी नाही म्हणतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अठ्ठ्याण्णव साली चौकात पेढे तर तुम्हीच वाटले होते. आता देशाच्या विरोधात गेलात का?"

नाही गेलो. भारताने अणुबॉम्ब करायला नको होता, असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. १९६२ला चीनशी युद्ध झालं आणि दोनच वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९६४ला, चीनने लोप नूरला स्फोट केला. पुढे १९६८च्या अण्वस्त्र प्रसारबंदी करारात वाटणी झाली: १९६७ उजाडण्याआधी ज्या पाच देशांनी स्फोट केले त्यांची अस्त्रं कायदेशीर, बाकीच्यांनी करायचीच नाहीत. ही वाटणी मला तेव्हा अन्यायाची वाटायची, आजही वाटते. घसा कोरडा होईपर्यंत वर्गात हे शिकवलंय. त्यामुळे मला देशप्रेम शिकवू नका.

कारण दुसरंच आहे, आणि ते घरातलं आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन बारा-तेरा दिवस झाले होते. आक्का माहेरी आलेली होती, अंगणातल्या निंबाला झोका अजून तसाच होता. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दिवेलागणीलाही ओटा भाजत होता. वाजपेयींनी जाहीर केलं, पोखरणला तीन स्फोट झाले. मी सायकल काढली, पेढे आणले, चौकात वाटले, रात्री ओट्यावर माणसं जमली. शाळेतले सहकारी, गल्लीतली पोरं, वीसेक जण तरी असतील. मी विज्ञानाचा मास्तर, मला तर बोलायचंच होतं. खोल खड्डा कसा खणतात, तोंड वाळू-मातीने कसं बुजवतात, किरणोत्सर्ग खालीच कसा अडकतो, सगळं सांगत होतो.

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. दाराशी उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "तठला लोकेसनं काय व्हयनं रे भाऊ?"

तिथे कोणी राहत नाही, मी म्हणालो. वाळवंट आहे. नकाशा बघ.

ती हळूच म्हणाली, नकाशात आमचं गाव तरी कुठे होतं.

तिचं सासर धरणात गेलेलं. नव्या गावठाणात विहिरीला पाणी लागत नव्हतं, ती कोसभरावरून पाणी आणायची, आणि हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चुलीपुढं बसणाऱ्यांनी यात बोलू नये." लोक हसले. आक्काने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. सकाळी पहिल्या एसटीने निघून गेली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिथे लोक राहत होते. खेतोलाई नावाचं गाव त्या जागेपासून काही किलोमीटरवर आहे. माणसं, गुरं, पक्की घरं. स्फोटाने घरांना तडे गेले, हे तिथले लोक आजवर सांगत आले आहेत. हे मी नंतर वर्तमानपत्रात वाचलं. मग वाचतच गेलो. १९४६ला अमेरिकेने अणुचाचण्यांसाठी प्रशांत महासागरातल्या बिकिनीच्या १६७ माणसांना बेट सोडायला सांगितलं, मानवजातीच्या भल्यासाठी म्हणून. १ मार्च १९५४ला तिथेच केलेला स्फोट अंदाजाच्या अडीच पट निघाला, १५ मेगाटन, कारण बॉम्बमधलं लिथियम-७ निष्क्रिय राहील असं धरून चालले होते. शेजारच्या रोंगेलापवर पांढरी राख पडली आणि पोरं त्या राखेत खेळली. त्यांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. बिकिनीची काही कुटुंबं पुढे बेटावर परतली. १९७८ला त्यांना पुन्हा उठवलं, कारण नारळात, जमिनीत किरणोत्सर्गी सीझियम होतं. गाव दोनदा उठणं म्हणजे काय, ते आक्काला विचारा.

फ्रान्सने पहिला स्फोट अल्जीरियाच्या सहारात केला, ब्रिटनने ऑस्ट्रेलियाच्या बेटांवर, सोव्हिएत संघाने कझाखांच्या माळावर. त्या एका सेमिपलातिंस्कला ४५६ चाचण्या झाल्या. जगभरात मिळून दोन हजारांवर. जागा दर वेळी रिकामीच असायची, नकाशात.

अठ्ठ्याण्णवचा मी मध्येच उठून भांडतो. तो म्हणतो, त्यांचे कितीतरी स्फोट उघड्यावर होते, आपले जमिनीखाली. घराचा तडा आणि रोंगेलापची राख एका तराजूत घालू नकोस. बरोबर आहे त्याचं. तो म्हणतो, याच देशाच्या नेहरूंनी २ एप्रिल १९५४ला लोकसभेत चाचण्या थांबवा म्हटलं होतं, कोणी ऐकलं? तेही बरोबर. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण "तिथे कोणी राहत नाही" हे वाक्य तू कशाच्या जोरावर बोललास, असं विचारलं की तोही गप्प होतो.

व्यासपीठावर उभा राहिलो तर मला हे सगळं बोलावं लागेल. दोन वर्षांपूर्वी आयोजकांना तसं सांगून पाहिलं, खेतोलाईपासून सुरुवात करू का म्हणून. ते म्हणाले, सर, पोरांसमोर नको. आणि खेतोलाई वगळून बोलायला माझी जीभ उचलत नाही.

आक्काची माफी मागितली. उशिरा, पण मागितली. ती म्हणाली, "माले काही याद नही भाऊ." आखाजीला अजूनही येते, बिबडे घेऊन येते, सुनांशी हसते-बोलते. पण त्या वर्षापासून ती आमच्या घरी एक रात्रही मुक्कामाला राहिलेली नाही. संध्याकाळच्या एसटीने परत जाते.