नगरपालिकेचा झाडू महाग का? तुम्ही विचारलंत म्हणून

निवृत्त झाल्यापासून एकच प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये, अगदी दहाव्याच्या घाटावरसुद्धा गाठतो. "तुम्ही पालिकेत भांडार सांभाळलंत ना भाऊ? मग सांगा, बाजारात साठला मिळणारा झाडू पालिका नव्वदला कसा घेते? मधले तीस कुणाचे?" विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. माझ्याकडून फक्त नावं हवी असतात.

नावं मिळणार नाहीत, पण हिशेब सांगतो.

तुम्ही साठ रुपये रोख मोजता आणि झाडू घेऊन घरी जाता. पालिका झाडू आज घेते, पैसे कधी देईल ते लेखापालालाही सांगता येत नाही. आरोग्य विभागाचं मागणीपत्र, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, मंजुरी, पुरवठा आदेश, माल जमा, साठा नोंदवहीत नोंद, मग देयक, मग त्यावर लेखा विभागाच्या शंका. आमची पालिका 'क' वर्गातली, म्हणजे 25 ते 40 हजार वस्तीची. घरपट्टी-पाणीपट्टी खरी जमा होते ती मार्चात, वसुली पथक दारात उभं राहिल्यावर. तोवर जे येतं त्यातून पगार आणि पंपाचं वीजबिल आधी जातं, कारण वीज तुटली तर गाव पेटेल. झाडूवाला फार तर चकरा मारेल. हे त्यालाही पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो उधारीचं व्याज दरातच धरतो. तिसातले निम्मे तरी या उधारीचे, असं माझं मत. जी पालिका वेळेवर बिलं काढते तिला दुकानदार आपणहून दर उतरवून देतात.

उरलेल्या निम्म्यांबद्दल मी भाबडा नाही. लहान खरेदीला तीन दरपत्रकं लागतात. तीन वेगळी लेटरहेडं, तीन वेगळे शिक्के, आणि तिन्हींवर 'खराटा' या शब्दात रफार नको तिथे, त्याच जागी. टंकणारा एकच. पहिल्याचा दर ठरलेला असतो, बाकीचे दोघे थोडे वर राहून त्याला सोबत करतात. पुढच्या वेळी पाळी बदलते. तक्ता मात्र बिनचूक, सर्वात कमी दर ठळक. खरेदी दरपत्रकांवर भागणाऱ्या मर्यादेबाहेर जाऊ लागली की तिचे तुकडे पडतात: झाडू वेगळे, गमबूट वेगळे, घमेली वेगळी, तीनही आदेश एकाच आठवड्यात.

मोठ्या कामांना ई-निविदा आल्यावर लोक म्हणाले, आता संपलं. पूर्वी निविदा फॉर्म टेबलावर विकत मिळायचा आणि तो कुणी घ्यायचा हे गेटवर उभी असलेली माणसं ठरवायची. ते खरंच गेलं, एवढं श्रेय द्यायला हवं. पण गेटवरची माणसं अटींमध्ये शिरली. 'कामाच्या जागेची पाहणी केल्याचा अभियंत्याचा दाखला जोडावा' अशी एक निरुपद्रवी ओळ निविदेत असते. दाखला घ्यायला तुम्ही कार्यालयात आलात की निविदा कोण भरणार हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर कळतं.

तरीही मी म्हणेन, दराच्या मागे लागू नका. आमच्याकडे एका वर्षी पाणी शुद्धीकरणाची टीसीएल पावडर बाजारापेक्षा स्वस्त मिळाली. सभागृहात बाकं वाजली. चांगल्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. ते उघड्यावर, ओलीत, जुन्या गोणीत उडून जातं. आमच्या भांडारात आलेल्या गोण्या बाहेरून कोऱ्या, शिवण ताजी. हात घातला तर आत ढेकळं, आणि तो नाकात झोंबणारा वासच नाही. पाणीवाल्याने नेहमीच्या मापाने पावडर टाकली, नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहणारी चाचणी; असलं तर पाणी पिवळं होतं) घेतली, नळीतलं पाणी पिवळं होईना. मग दुप्पट टाकायची. स्वस्त गोणी अशी महाग पडली, आणि कागदावर मात्र ती बचतच राहिली. पुरवठा आदेशात 'टीसीएल पावडर, 25 किलोची गोणी' एवढंच लिहिलेलं होतं. किती टक्के क्लोरीन, कधीचं उत्पादन, तपासणी अहवाल कुणी द्यायचा, काही नाही. खरा खेळ या अर्ध्या ओळीत असतो. मालाचं वर्णन ढिलं ठेवलं की दर कितीही कमी दाखवता येतो, आणि वर्णन फार घट्ट केलं की जिल्ह्यात एकाच दुकानात तो माल असतो.

"मग नगरसेवक काय करतात?" हा पुढचा प्रश्न. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे साधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी हवी, विशेष सभेची तीन. नोटीस जाते. विषयपत्रिकेत पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करणे, त्यावर तासभर भांडण, शेजारच्या प्रभागातल्या गटारीवर दुसरा तास, एक सभात्याग, वर्तमानपत्रात फोटो. शेवटी सगळे उठायच्या बेतात असताना 'ऐनवेळचे विषय', म्हणजे विषयपत्रिकेत नसलेले, आणि खरेदी त्यातच. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. गरम भजी आली की विरोधी बाकंही सर्वानुमतेत बसतात. शिवाय कलम 58(2) आहेच: निकडीच्या प्रसंगी अध्यक्ष आपल्या अधिकारात काम करवून घेऊ शकतात, सभेला नंतर कळवायचं. पंपाची मोटार जळाली तर हे कलम हवंच. लोक तहानलेले असताना दरपत्रकं कोण गोळा करणार? फक्त मोटार दर एप्रिलला जळते, आणि एप्रिल येणार हे डिसेंबरात कुणाला सुचत नाही.

मधल्या काही वर्षांत निवडणुका रखडल्या आणि राज्यातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक होते. सभा नाही, भजी नाही; ठराव मांडणारे आणि मंजूर करणारे साहेब एकच. आमच्या गावात तरी झाडू स्वस्त झाला नाही. डिसेंबर 2025 मध्ये मतदान होऊन पुन्हा नगरसेवक आले, नगराध्यक्ष थेट जनतेतून. आता निदान भांडायला माणूस आहे.

त्या भांडणासाठी एक सुचवतो. माहिती अधिकारात अर्ज टाकताना लोक 'झाडू खरेदीचा दर' मागतात. दर त्यांना मिळतो, सहीशिक्क्यासह, आणि तो नियमातच बसलेला असतो. त्याऐवजी साठा नोंदवही मागा. कोणत्या तारखेला किती झाडू आले, कोणत्या मुकादमाला किती दिले, सही कुणाची. नव्वद रुपयांचे शंभर झाडू खरंच आले असतील तर फार काही बुडालेलं नाही. पाचशेची नोंद आहे, सगळे मुकादम एकाच दिवशी, एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात सही करून घेऊन गेलेत, आणि तुमच्या गल्लीतली बाई अजून बुडखा राहिलेल्या झाडूने झाडतेय, तर तीस रुपयांची चौकशी सोडा, चारशे झाडूंची करा. नोंदवही मागितलीत की आधी 'ती लेखापरीक्षणाला गेली आहे' असं उत्तर येईल. ते लेखी घ्या, आणि स्थानिक निधी लेखापरीक्षण कार्यालयात दुसरा अर्ज टाकून ती तिथे पोहोचली का ते विचारा.