नान्नजच्या माळावर जांभळी बॅटरी

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सरता सरता सोलापूरला पोचलो. होम मैदानावरचे पाळणे अजून फिरत होते, पण माझं मन हुरड्यात आणि नान्नजच्या माळावर होतं. शिवाय खिशात एक नवीन वस्तू होती, नोटा तपासायची अतिनील बॅटरी.

आत्याचं घर पूर्व भागात. आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट, शेजारी तेलुगू बोलणारी विणकर मंडळी. जेवण झाल्यावर भाच्यानं बॅटरी हातात घेतली आणि अंगणातल्या दोरीकडे रोखली. वाळत घातलेला पांढरा टॉवेल निळसर पेटला. आत्या दचकली. "अगंबाई, हे काय की!"

मी म्हटलं, "आत्या, तू पूर्वी कपड्यांना टिनोपाल घालायचीस ना, त्याचीच ही करामत." डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण टिनोपाल शोषून घेतं आणि तीच ऊर्जा दिसणाऱ्या निळ्या उजेडाच्या रूपानं परत टाकतं. उन्हातही हेच चालू असतं, म्हणून तो कपडा जास्त पांढरा वाटतो. याला फ्लोरेसन्स म्हणतात. हे मला पुस्तकात वाचून कळलं होतं, पण सोलापुरी टॉवेलवर पाहिलं तेव्हा पटलं.

भाच्याकडे पिंजऱ्यात चार पक्षी आहेत. आपल्याकडे त्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले; हे बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळांवर थव्यानं फिरणारे छोटे पोपट. पक्ष्यांच्या डोळ्यांवर बॅटरी मारायची नाही, हे मी आधीच बजावलं होतं. पिंजऱ्याच्या तळाशी डोक्यावरची बारीक पिवळी पिसं पडली होती. त्यातलं एक भाच्यानं चिमटीत धरलं. नखाएवढं पीस. दिवा बंद केला, बॅटरी लावली, आणि ते पीस पिवळंजर्द उजळलं. आतून कुणी वात लावावी तसं. शेजारीच ठेवलेलं पाठीवरचं हिरवं पीस मात्र मंदच राहिलं.

"पण त्यांना स्वतःला ते दिसतं का?" भाच्यानं विचारलं. या प्रश्नापुढे मी रात्री उशिरापर्यंत जागा राहिलो.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, पक्ष्यांच्या डोळ्यात चार. बजरीगरची चौथी थेट अतिनील टिपते. 2002 मध्ये कॅथरिन अर्नल्ड आणि सहकाऱ्यांनी या पक्ष्यांच्या डोक्याला चक्क सनस्क्रीन लावून पाहिलं. अतिनील अडलं, पिसांची चमक गेली, आणि विरुद्धलिंगी जोडीदार त्यांच्याकडे पाठ फिरवू लागले. त्याच लिंगाच्या पक्ष्यांना मात्र काहीच फरक पडला नाही. म्हणजे ही चमक जोडीदारासाठीचा निरोप असावा, असं त्यांचं म्हणणं. पण सनस्क्रीननं चमक जाते तसं पिसावरून परावर्तित होणारं अतिनीलही जातं. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका गटानं या दोन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा माद्यांच्या निवडीत परावर्तित अतिनीलाचं वजन दिसलं, चमकेचं दिसलं नाही. मला हा वाद फार मोलाचा वाटतो. एखादी गोष्ट बॅटरीखाली चमकते एवढ्यावरून ती निरोप ठरत नाही. वाचणारा डोळा हवा, आणि वाचून त्यानं काहीतरी वेगळं करायला हवं.

पहाटे आतेभावाच्या मोटारसायकलवर बार्शी रस्त्यानं निघालो. वीसेक किलोमीटरवर नान्नज. रस्त्याकडेला द्राक्षबागा, मध्येच शाळूची ताटं, आणि मग एकदम मोकळा, पिवळ्या गवताचा माळ. माळढोक या दुर्मीळ, मोठ्या पक्ष्यासाठी 1979 साली हे अभयारण्य झालं. लांबूनच काळविटांचा कळप दिसला. एक धाविक पक्षी पाच पावलं पळायचा, थबकायचा, पुन्हा पळायचा. थबकला की मातीत मिसळून जायचा. भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना पंख लावत जावा तसा खालून तरंगत गेला. तारेवर नीलपंख बसला होता, बसलेला असताना मळकट तपकिरी. तो उडाला आणि पंखांतला निळा असा उसळला की भाऊ गाडी चालवता चालवता "अरे!" म्हणाला. हा निळा पिसाच्या सूक्ष्म रचनेचा, उजेड विखुरण्यातून आलेला. त्यात फ्लोरेसन्सची चमक वगैरे काही नाही. दाखवायचा तेव्हा दाखवायचा, एरवी मिटून ठेवायचा.

माळढोक दिसला नाही. गेल्या काही वर्षांच्या मोजणीत इथे एखाददुसराच दिसतो. देशभरात मिळून दीडशेसुद्धा उरलेले नाहीत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. विणीच्या काळात नर गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवून ती जवळजवळ पायांपर्यंत लोंबवतो, शेपूट पाठीवर उभारतो, आणि घुमतो. तो घुमारा अर्धा किलोमीटर जातो म्हणतात. तो पांढरा दिसायला आडोसा नसलेली जमीन लागते, आणि पलीकडे पाहणारी मादी लागते. त्या रिकाम्या माळाकडे बघताना घशात काहीतरी अडकलं. विजेच्या तारा क्षितिजावरून आडव्या गेल्या होत्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही, आणि अंग जड असल्यानं झटकन वळताही येत नाही.

माळढोकाच्या नात्यातल्या काही जातींच्या पिसांच्या बुडाशी गुलाबी लव असते. 2016 मध्ये स्पॅनिश संशोधकांनी तिच्यात पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असल्याचं मांडलं. ऊन लागलं की ते नासतं आणि गुलाबी उडून जातो. नर नाचताना पिसं उलटी करतो तेव्हाच ती लव उघडी पडते. म्हणजे तो गुलाबी टिकला असेल तर नर अजून फारसा नाचलेला नाही, असा अर्थ मादीला लावता येईल, ही त्यांची कल्पना. एकदा दाखवली की विरून जाणारी खूण!

घुबडांच्या पिसांतही पॉर्फिरिन असतं. संध्याकाळी भावाच्या मित्राच्या शेतावर हुरडा खाल्ला, शेंगाचटणी आणि गूळ चाटून पुसून संपवला, आणि अंधार पडल्यावर जुन्या गोठ्यात गेलो. तुळईवर गव्हाणी घुबड राहतं, असं तो म्हणाला होता. वाटेत दगडावरून बॅटरी फिरली तर एक विंचू हिरवानिळा लखलखला, पूर्ण, नांगीच्या टोकापर्यंत. आम्ही चौघेही मागे सरलो. त्याच्या कवचातली ती चमक बघून मघाची भीती अर्धी गेली.

गोठ्यात कडब्यामागे एक पीस पडलं होतं. वरची बाजू सोनेरी, राखाडी ठिपक्यांची. उचललं नाही, रानपक्ष्याचं पीस घरी न्यायला कायद्यानं बंदी आहे, आणि ते जिथं होतं तिथंच बरं दिसत होतं. काडीनं हलकेच पालथं केलं आणि बॅटरी लावली. पांढऱ्या भागावर गडद गुलाबी उगवला, जास्वंदीच्या कळीसारखा. नवं पीस जास्त गुलाबी, जुनं फिकं. यावरून पक्षी अभ्यासक घुबडाचं वय ओळखतात. हे कडब्याच्या आड, उन्हापासून दूर पडून राहिलं म्हणून एवढं टिकलं असेल.

वरून लांबलचक फुत्कार आला. भावानं बॅटरी विझवली. काळोखात पांढरट काहीतरी आमच्या डोक्यावरून गेलं, पंखांचा जराही आवाज न करता, आणि शाळूच्या ताटांवर उतरलं.