भैय्या चौकातलं ते घर

आज शेवटी आईला घेऊन डॉ. कोटणीस स्मारकात जाऊन आलो, इतकी वर्षं त्याच रस्त्यावरून गाडी दामटतोय पण आत पाय कधी टाकला नव्हता. आपल्या सोलापुरात १९१० ला जन्मलेला माणूस, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, युद्धातल्या जखमींची ऑपरेशनं करत राहिला, तिथंच लग्न केलं आणि १९४२ ला गेलाच हो, वय फक्त ३२!! मुलगा तेव्हा काही महिन्यांचा, नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन दोन्ही त्या एका नावात. आई पदरानं चष्मा पुसत एका फोटोसमोर कितीतरी वेळ उभी, हळूच म्हणली, "ह्याच्या आईनं कसं सोसलं असंल रे." घरी येईपर्यंत गप्पच होती.